‘ट्रेझर आयलंड’ मुलांना दाखवायचा तर आधी नकाशा

डिस्नेचा १९५० सालचा ‘ट्रेझर आयलंड’ पोरांना दाखवायचं ठरलं की बहुतेक जण थेट चित्रपटच सुरू करतात. मग सुरुवातीच्या खानावळीच्या प्रसंगांतच निम्मी पोरं उठतात. दोष चित्रपटाचा नाही. तिथली सगळी माणसं जाड, गुळगुळीत उच्चारांचं इंग्रजी बोलतात, समुद्र अजून दिसलेला नसतो, आणि हे सगळे म्हातारे एका कागदासाठी, म्हणजे खजिन्याच्या नकाशासाठी, का भांडताहेत ते कळत नाही. तो कागद आधीच पोरांच्या हातात असेल तर तीच सुरुवात श्वास रोखून पाहिली जाते. म्हणून सकाळी नकाशा, संध्याकाळी चित्रपट, असाच दिवस आखावा.

मुळात ही गोष्टच नकाशातून जन्मली. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमर गावी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने आपल्या सावत्र मुलासोबत एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढला आणि त्यावरून प्रकरणं लिहीत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ती मुलांच्या एका साप्ताहिकात येऊ लागली, १८८३ मध्ये पुस्तक निघालं.

नकाशासाठी ए-थ्री आकाराचा कार्ट्रिज (चित्रकलेचा जाड) कागद घ्यावा. साधा झेरॉक्सचा कागद ओला झाला की फाटतो. एक कप पाण्यात दोन चमचे चहापत्ती चांगली उकळून, गार करून, गाळून रुंद ब्रशने दोन्ही बाजूंनी लावायची. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात कागद दहा-पंधरा मिनिटांत खडखडीत वाळतो, पण चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले नाहीत तर गुंडाळतो. रेघा कागद वाळल्यावरच मारायच्या. आधी स्केचपेनने काढलं आणि मग चहा लावला की सगळं फुटतं; बॉलपेन आणि पेन्सिल मात्र टिकतात. कडा जाळू नयेत, ओल्या असतानाच बोटांनी फाडाव्यात. त्या जास्त जुन्या दिसतात आणि पोरांच्या हाती आगपेटीही जात नाही.

बेट काल्पनिक असलं तरी खुणा आपल्याच अंगणातल्या हव्यात: पाण्याची टाकी, कडुलिंब, मागचं फाटक. कादंबरीतल्या नकाशात दिशा होकायंत्राच्या बत्तीस भागांत दिलेली आहे, म्हणजे एक भाग ११.२५ अंशांचा. मोठ्या मुलांना हे सांगावं. मोबाइलचं होकायंत्र चालतं, मात्र गच्चीवर स्लॅबमधल्या सळ्यांमुळे आणि लोखंडी जिन्यामुळे काटा भलतीकडे वळतो. म्हणून खजिना खाली मातीच्या अंगणात ठेवायचा आणि शोध सहानंतर, ऊन उतरल्यावर सुरू करायचा. खजिना म्हणून संत्रा बर्फी उत्तम. ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हवी, नाहीतर पोरांच्या आधी मुंग्या पोचतात.

आता शब्द. नागपूरच्या पोरांनी होडी पाहिलेली असते ती अंबाझरी किंवा फुटाळा तलावातली. शिडाचं जहाज वाऱ्यावर चालतं आणि वारा पडला की जागीच थांबतं, हे आधी सांगितलं नाही तर डोलकाठीवरच्या प्रसंगातली निम्मी भीती वाया जाते. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर आणि बंड, एवढे पाच शब्द पुरे. सहावा ‘काळा ठिपका’: चाच्यांनी आपल्यातल्याच एखाद्याला दिलेली शिक्षेची चिठ्ठी. चाच्यांचा म्होरक्या लाँग जॉन सिल्व्हर याचा पोपट ज्या ‘पीसेस ऑफ एट’चा घोष करतो, ती आठ रेआल किमतीची स्पॅनिश चांदीची नाणी. एकेक सुमारे २७ ग्रॅमचं. घरात जुने कलदार, म्हणजे ब्रिटिश काळातले चांदीचे, रुपये असतील तर दोन रुपये मुलांच्या तळहातावर ठेवावेत. एक कलदार तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, दोन मिळूनही स्पॅनिश नाण्यापेक्षा थोडे हलकेच भरतात. खजिना किती जड असेल हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

प्रत कोणती मिळाली आहे ते लांबीवरून ओळखता येतं. पूर्ण चित्रपट ९६ मिनिटांचा आहे. घड्याळ ९२ दाखवत असेल तर घाबरू नये. ती युरोपच्या टीव्ही पद्धतीची प्रत असते. सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळत असल्याने सगळंच चार टक्के लवकर संपतं. त्याहूनही कमी असेल तर शंका घ्यावी, कारण १९७५ साली अमेरिकेत पुन्हा प्रदर्शित करताना सर्व वयांसाठीचं प्रमाणपत्र मिळावं म्हणून यातली हिंसा कापली होती. माझं मत स्पष्ट आहे: न कापलेलीच प्रत दाखवावी. इस्रायल हँड्स हा चाचा सुरा घेऊन जिमच्या, म्हणजे गोष्टीतल्या मुलाच्या, मागे डोलकाठीवर चढतो तो प्रसंग खरोखर भीतिदायक आहे आणि तो तसाच असायला हवा. सात वर्षांखालच्यांना तेवढ्यापुरतं मांडीवर घ्यावं.

चौकटीचा आकार हा लोकांचा सर्वांत जास्त चुकणारा भाग. चित्रपट १.३७ ला १ या जुन्या मापाचा आहे, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजचे प्रोजेक्टर १६:९ चे, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि कोणीतरी रिमोट घेऊन चित्र ‘पूर्ण पडदा’ करतो. मग जहाज फुगतं आणि सिल्व्हर ठेंगणा दिसतो. ओळखायची खूण सोपी: कोणतीही गोल वस्तू लंबगोल दिसली की चित्र ताणलेलं आहे. आठ फूट रुंद पडद्यावर चित्राची उंची साडेचार फूट आणि खरी रुंदी सव्वासहा फुटांच्या जराशी आत येते. उरलेल्या सुमारे अकरा-अकरा इंचांच्या पट्ट्या प्रोजेक्टरवर करड्या उजळतात. तिथे छत्रीचं काळं कापड टाचलं की रंग एकदम उठून दिसतात. हा टेक्निकलर (त्या काळची गडद रंगांची पद्धत) आहे, छायाचित्रण फ्रेडी यंगचं. ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये कोटांचा लाल रंग भडक होऊन चेहऱ्यांवर उतरतो. ‘सिनेमा’ मोडच ठेवावा.

आठ बाय साडेचार म्हणजे ३६ चौरस फूट. दर चौरस फुटाला सोळा ल्युमेन धरले तर ५७६ होतात, म्हणून खरे सहाशे एएनएसआय (प्रकाश मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीचे) ल्युमेन हवेत. खोक्यावरचा हजारांतला आकडा बहुधा या मापाचा नसतो. प्रोजेक्टरचा थ्रो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.२ असेल तर पडद्यापासून ९.६ फुटांवर ठेवायचा. चादरीपेक्षा चुना दिलेली गुळगुळीत भिंत बरी, कारण मेच्या संध्याकाळचा वारा चादरीला खरंच शीड करून टाकतो. चादरच लावायची तर मागे काळं कापड हवं आणि खालच्या शिवणीत पीव्हीसी पाइप घालावा. पहिली रांग आठ-नऊ फुटांवर, शेवटची सत्तावीस फुटांच्या आत.

आणि जागा. मे महिन्यात गच्ची टाळावी. सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, साडेसातला पुरेसा अंधार होतो, पण स्लॅब तेव्हाही तापलेलाच असतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, तर विचारायलाच नको. बहुतेक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत ३५ किंवा ४० अंशांची मर्यादा लिहिलेली असते; त्यापुढे यंत्र स्वतःच बंद पडतं, आणि ते नेमकं खजिन्याच्या खड्ड्याशी पडतं. तळमजल्यावरचा हॉल उत्तम. कूलरचा झोत यंत्रावर येऊ देऊ नये, ओल लेन्सवर बसते. पंखा मंद ठेवला नाही तर सिल्व्हरची कुजबुज ऐकूच येत नाही. स्पीकर पडद्यालगत, शक्यतो वायरने जोडलेला. ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. तिकीट लावू नये. जाहीर खेळासाठी हक्कधारकाची परवानगी लागते.

चालू चित्रपटावर मराठीत सतत बोलू नका. सिल्व्हर झालेल्या रॉबर्ट न्यूटनचा आवाज हाच या चित्रपटाचा प्राण आहे. चाचे म्हटलं की आज जगभर जो ‘आर्र’ काढला जातो, तो मुख्यतः त्याच्या या भूमिकेमुळे. नैर्ऋत्य इंग्लंडमधली ती बोली त्याला बालपणापासून परिचित होती, त्याने ती फक्त फुगवली. तेव्हा टप्प्याटप्प्याने थांबवून दोन वाक्यं सांगायची. सफरचंदांच्या पिंपाचा प्रसंग (पिंपात बसलेल्या जिमला बंडाचा कट ऐकू येतो तो) संपला की मोठं मध्यंतर घ्या, पन्हं द्या आणि एवढंच विचारा: “जिमच्या जागी तुम्ही असता तर हे कोणाला सांगितलं असतं?” सिल्व्हर दुष्ट आहे की चांगला, हे मोठ्यांनी आधी सांगून टाकलं तर पुढे पाहण्यासारखं फारसं उरत नाही.

मोठ्या मुलांसाठी मध्यंतरातच आणखी एक गोष्ट. हा डिस्नेचा पहिला असा चित्रपट, ज्यात ॲनिमेशनचा तुकडाही नाही. तो इंग्लंडमध्ये बनला, कारण युद्धानंतर ब्रिटनने अमेरिकी कंपन्यांची तिथली कमाई देशाबाहेर नेण्यावर बंधनं घातली होती. अडकलेला पैसा तिथेच खर्च केला गेला. जिम झालेला बॉबी ड्रिस्कॉल तेव्हा बारा वर्षांचा. त्याच्याकडे ब्रिटनमध्ये काम करण्याचा परवाना नव्हता, प्रकरण कोर्टात गेलं, दंड झाला आणि दिग्दर्शक बायरन हॅस्किनला त्याचे प्रसंग घाईने उरकावे लागले. काही दृश्यांचा मोठा भाग पीटर एलेनशॉने रंगवलेला आहे. शोधायची युक्ती अशी की दूरच्या दृश्यात कॅमेरा अगदी स्थिर असेल तर तिथे निरखून पाहायचं, कारण कॅमेरा हलला की चित्र आणि खरी जागा यांचा सांधा उघडा पडतो.

शेवट कादंबरीपेक्षा वेगळा आहे. पुस्तकात सिल्व्हर एका बंदरात नाण्यांची एक पिशवी घेऊन गुपचूप पसार होतो. इथे जिम त्याची होडी वाळूत रुतवतो, सिल्व्हर पिस्तूल रोखतो पण चालवू शकत नाही, आणि जिमच ती होडी ढकलून मोकळी करतो. या प्रसंगानंतर लगेच दिवे लावू नका. पोरांचा वाद अंधारातच सुरू होतो, तो होऊ द्यावा. तोवर प्रोजेक्टर फक्त रिमोटने बंद करून पंखा आपोआप थांबेपर्यंत प्लग तसाच राहू द्या. दिव्याच्या यंत्राला आपल्या उन्हाळ्यात थंड व्हायला वेळ लागतो.