स्क्रीनवरचे ९८

डिसेंबरातली सकाळ. नाइट ड्यूटी संपायला अर्धा तास उरला होता. सदाशिव पेठेतून सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला रिक्षातून आणलं. केस ओले, अंगाभोवती चादर, हाक मारली की नुसती कण्हत होती. "अंघोळीला गेली ती बाहेरच येईना, शेवटी कडी तोडली," वडील सांगत होते. सोबतच्या काकूंनी निदानही केलं: फिट आली असणार.

मलाही तसंच वाटलं. साखर ठीक, नाडी १२४, बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय. म्हणजे ऑक्सिजनची घाई नाही. मी सीटी स्कॅनचा फॉर्म भरायला घेतला. तेवढ्यात आई भिंतीला टेकून खालीच बसली. "काही नाही हो मॅडम, आठ दिवस डोकं ठणकतंय. पित्त असेल. अंघोळ झाली की जास्तच."

अंघोळ झाली की. "घरी गॅस गिझर आहे?"

"आहे ना, बाथरूममध्येच. गार वारा येतो म्हणून झरोक्यात बोळा कोंबलाय."

पेन टाकून मी सिस्टरांना ओरडले, "दोघींना ऑक्सिजनचा मास्क, पंधरा लिटर!" मग रक्त पाठवलं. कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, मुलीचं ३४ टक्के, आईचं १७.

हवा कोंडली की गिझरचा गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. जागा तर अडवतोच, शिवाय उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही मग हिमोग्लोबिन सहजी सोडत नाही. पेशीच्या दारात माल आलाय, पण उतरवून घेता येत नाही. वर पेशीच्या आत, मायटोकॉन्ड्रियातल्या ऑक्सिजन वापरणाऱ्या एन्झाइमलाही तो अडवतो. मेंदू आणि हृदय यांची भूक मोठी, म्हणून पहिला फटका त्यांना. आणि ऑक्सिमीटरच्या लाल प्रकाशाला हे विषारी रक्त ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखंच दिसतं. परीक्षेतला हा हमखास प्रश्न. मी तो बरोबर सोडवला होता, कागदावर.

साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. अकराच्या सुमारास मुलगी नीट बोलू लागली. ईसीजी ठीक होता. तरी पुढच्या काही आठवड्यांत विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं असं काही दिसलं तर लगेच आणा, हे मी वडिलांना दोनदा बजावलं. मेंदूवरचा परिणाम कधीकधी असा उशिरा उगवतो.

"पण वास तर काहीच नव्हता हो," ते म्हणाले. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, या वायूला तो नसतोच, असं मी सांगत होते. माझं वाक्य संपायच्या आत त्यांनी फोन कानाला लावला. "अरे, आजी अंघोळीला गेली का? थांबव तिला. आधी तो बोळा काढ."