जवाचा चोथा

शनिवार, १३ जुलै

पहाटे साडेपाचला गॅरेजचं दार अर्धं वर केलं आणि शेगडी पेटवली. जुलैत नऊ वाजून गेले की इथे, अमेरिकेतल्या युटा राज्यात, बाहेर उभं राहवत नाही, त्यामुळे बिअर लावायची तर उजाडतानाच. दही लावतात तसं मी बिअर लावते म्हणते. नवऱ्याला सुरुवातीला हा शब्द खटकायचा, आता तोही तसंच म्हणतो.

आज माइल्ड लावली. जुनी इंग्लिश धाटणी, तपकिरी रंग, कमी चढणारी. एकोणीस लिटरला ३.२ किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. त्यात थोडं काळपट भाजलेलं, बाकी सगळं फिकट. भरडलेलं माल्ट ६८ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवत ठेवलं. तापमान चार-पाच अंश खाली ठेवलं असतं तर जवातल्या पिठाची जास्तीत जास्त साखर यीस्टच्या पोटात गेली असती आणि बिअर जरा कडक, पण पातळ झाली असती. ६८ अंशांवर काही साखर अशी तयार होते की ती यीस्टला पचत नाही. ती मागे राहते आणि कमी अल्कोहोलच्या बिअरलाही अंग धरता येतं. हलकी बिअर पाणचट लागू द्यायची नाही, हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात अवघड, आणि मला तेच करायला आवडतं.

तासाने झाकण उघडलं तर वास थेट भाजणीचा. आई परातीत थालीपिठाची भाजणी गार करायला पसरते ना, तसा. दर वेळी येतो आणि दर वेळी मी दोन मिनिटं झाकण हातात धरून नुसती उभी राहते.

रस गाळून घेतल्यावर पाचेक किलो ओला चोथा उरला. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, टाकायच्या आत गाळलेला, म्हणून स्वच्छ. (हॉप्सचा गाळ मी वेगळ्या पिशवीत बांधून टाकते. कुत्र्यांना तो विषासारखा बाधतो, आणि आमच्या गल्लीत कुत्री बरीच.) बादली घेऊन कुंपणापाशी गेले तर शेजारच्या काकू हातमोजे घालून उभ्याच होत्या. तोंडाने मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे नावानेच हाक मारते, पण मनात त्या काकूच. त्यांच्या सहा कोंबड्यांना कळतं बादली कोणाची ते. काकू त्यातलाच थोडा चोथा पावात घालतात, म्हणून त्यांच्यासाठी एक डबा फ्रीझरमध्ये वेगळा ठेवला.

उकळी तासाऐवजी सव्वा तास ठेवली. सॉल्ट लेकचं खोरं समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास उंच, इथे पाणी ९६ अंशांपाशीच उकळतं. हॉप्सचा कडूपणा रसात उतरायला आच लागते, ती इथे जरा कमी पडते. तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचं पाणी सोडून रस निववला आणि ते सगळं पाणी टोमॅटोंना घातलं. वाळवंटी मुलूख आहे, पाणी मोरीत सोडवत नाही. रसातली साखर मोजायच्या हायड्रोमीटरवर १.०३६. मनासारखं आलं. यीस्ट घालून फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, तळघरात नेऊन ठेवला, तिथे उन्हाळ्यातही २० अंशांच्या वर फारसं जात नाही.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला. ओट्यावर तीस लिटरचं पातेलं पालथं घातलेलं तिला दिसलं. "एवढं पातेलं कशाला गं काढलंस?"

"पाणी तापवलं होतं," मी म्हटलं.

सहा वर्षं मी हेच सांगतेय.

रविवार, १४ जुलै

सकाळी फर्मेंटरमधला गॅस बाहेर सोडणारा एअरलॉक बुडबुडायला लागलेला. गल्लीतली अकरापैकी आठ घरं मॉर्मन चर्चची, दारूला न शिवणाऱ्यांची. साडेआठपासून पांढरे शर्ट, टाय, पोरींचे लांब फ्रॉक असे सगळे चालत निघतात. खिडकीतून ते बघताना चार वर्षांपूर्वीचा असाच एक रविवार आठवला.

तेव्हा मी घाई केली होती. आंबणं संपलं की नाही हे दोन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजायचं असतं. मी एकदाच मोजलं, साखर घालून बाटल्या भरल्या आणि तळघरात रचून ठेवल्या. आत यीस्टचं जेवण अजून चालूच होतं आणि गॅस साठत होता. तिसऱ्या आठवड्यात बाटल्या फुटायला लागल्या. पहिला आवाज आला तेव्हा वाटलं फळी पडली. दुसऱ्याला काच उडालेली ऐकू आली. तेवढ्यात दारावर थाप. शेजारचे काका चर्चला निघाले होते, तळघराच्या खिडकीतून आवाज ऐकून धावत आले होते.

तोपर्यंत मी त्यांच्यापासून सगळं लपवलं होतं. गॅरेजचं दार लावून काम करायचे, चोथा काळ्या पिशवीत भरून रात्री कचऱ्यात टाकायचे. हे माळकऱ्यांच्या आळीत राहण्यासारखं आहे असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि ती आळी मला आतून माहीत आहे. माझे आजोबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला निरंकार उपास. आमच्या घरात दारूचं नाव घ्यायचं झालं तर 'ते' म्हणायचे.

काका खाली आले, जिन्यावरून वास घेतला आणि काही न विचारता घरी जाऊन जाड हातमोजे, दोन गॉगल आणि एक जुनं ब्लँकेट घेऊन आले. उरलेल्या बाटल्यांवर ब्लँकेट टाकलं. मग टाय खिशात खोचून माझ्याबरोबर काचा वेचल्या. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग पडले, आणि त्या दिवशी ते तसेच चर्चला गेले. मी शर्ट धुऊन देते म्हटलं तर म्हणाले, वेळ होतोय.

संध्याकाळी आभार मानायला त्यांना घरी बोलावलं आणि सवयीने चहा टाकायला गेले. मग लक्षात आलं की त्यांना चहाही चालत नाही, कॉफीही नाही. पाहुणा आलाय आणि चहा देता येत नाही, हे माझ्या हातांना कळेना. शेवटी कोकम सरबत केलं. तेव्हापासून आमच्याकडे आगळाची बाटली संपू देत नाही.

त्याच बैठकीत काकांनी मला त्यांच्या ग्रंथातलं एक वचन दाखवलं. २७ फेब्रुवारी १८३३ला त्यांच्या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना झालेला साक्षात्कार, 'वर्ड ऑफ विझडम'. दारू, तंबाखू, 'गरम पेयं' वर्ज्य, हे त्यातलंच. पण सतरावा श्लोक धान्यांवर आहे, आणि त्यात जव सांगितलाय तो उपयोगी प्राण्यांसाठी आणि सौम्य पेयांसाठी. सुरुवातीला हा उपदेश आज्ञा म्हणून नव्हता, तो पुढे हळूहळू कडक होत गेला आणि १९२१च्या सुमाराला मंदिरात प्रवेश मिळण्याची अटच झाला, हेही त्यांनीच सांगितलं. "आम्ही त्या पेयांचा अर्थ बिअर असा लावत नाही," ते म्हणाले. "पण प्राण्यांचं म्हणशील, तर आमच्याकडे कोंबड्या आहेत."

चोथ्याची बादली तेव्हापासून सुरू झाली.

बुधवार, २४ जुलै

पायोनियर डे. १८४७ साली याच दिवशी स्मिथ यांच्यानंतरचे मॉर्मन पुढारी ब्रिगहॅम यंग या खोऱ्यात पोचले. राज्याला सुट्टी, सरकारी दारूची दुकानं बंद, शहरात मिरवणूक. चर्चबाहेरची तरुण मंडळी 'पाय' (फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) आणि बिअर एकत्र ठेवून आपला वेगळा सण करतात, कारण 'पाय अँड बिअर' भरभर म्हटलं की 'पायोनियर'सारखं ऐकू येतं. आम्हालाही बोलावलं होतं. चेरीचा पाय फार छान होता.

तिथल्या गप्पांत पुन्हा तेच निघालं, युटाची बिअर म्हणजे पाणी. मला हे ऐकवत नाही. पूर्वी इथे किराणा दुकानात ३.२ टक्क्यांची बिअर मिळायची, पण ते टक्के वजनाचे. आकारमानाने तीच बिअर ४ टक्के होते. बाहेरचे लोक ३.२ वाचून हसतात, आणि इंग्लंडच्या पबमध्ये पावणेचार टक्क्यांची 'बिटर' नावाची बिअर मिटक्या मारत पितात. १ नोव्हेंबर २०१९पासून इथली मर्यादा आकारमानाने ५ टक्क्यांवर गेली. कोणाचं मन बदललं म्हणून नाही. ओक्लाहोमा, कोलोराडो, कॅन्सस यांनी ३.२ सोडलं, आणि एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी मोठ्या कंपन्यांना वेगळी बिअर काढणं परवडेना. पण त्या जुन्या मर्यादेत राहून इथल्या लोकांनी हलकी बिअर चवदार कशी करायची हे शिकून घेतलं. मी त्यांच्याकडूनच शिकले. शिवाय गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्क्यांवर आणणारं देशातलं पहिलं राज्य हेच, २०१८च्या ३० डिसेंबरपासून. एका ग्लासावर थांबायचं असेल तर तो ग्लास माइल्डचा असलेला काय वाईट?

दुसरं मला खटकतं ते इथल्या विकतच्या बिअरच्या बाटल्यांवरचे विनोद. जुन्या मॉर्मनांच्या बहुपत्नीत्वावरून, देवदूतांवरून. लोक हसून हसून घेतात. पण ज्या बायकांवर तो विनोद आहे त्यातली एक काकूंची पणजी. तिचा फोटो त्यांच्या जिन्यात लावलेला आहे, हातात चाळणी धरून उभी. मी माझ्या बाटल्यांवर फक्त तारीख लिहिते.

आणि इतिहास इतका सरळ कुठे आहे? १८५०च्या दशकात या खोऱ्याच्या दक्षिण टोकाला गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी बिअरचा कारखाना काढला पोर्टर रॉकवेलने. हा जोसेफ स्मिथ आणि ब्रिगहॅम यंग दोघांचा अंगरक्षक, पक्का मॉर्मन. फिशर नावाच्या एका जर्मन माणसाने १८८४ला सुरू केलेली ब्रुअरी १९६७ला बंद पडली आणि २०१७ला त्याच्या वंशजाने पुन्हा उघडली. आणि देशभरातली दारूबंदी उठवायला छत्तीस राज्यं हवी होती, तर ५ डिसेंबर १९३३ला छत्तिसावं ठरलं ते युटाच. चर्चच्या अध्यक्षांचा विरोध असताना.

घरी बिअर करणं मात्र तेव्हा राहूनच गेलं. घरगुती वाइनला सूट मिळाली, बिअरला नाही. १९७८ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरच्या बिअरलाही सूट देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि युटाने आपल्या कायद्यात ते घेतलं २००९ला. आता दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन करता येते, विकायची नाही एवढंच. आम्ही दोघं मिळून चाळीससुद्धा करत नाही.

परत येताना नवरा म्हणाला, "काकांना सांगू शकलीस, आईंना का नाही?"

उत्तर दिलं नाही मी. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

शनिवार, २७ जुलै

गुरुवारी १.०१२, आज पुन्हा १.०१२. संपलं आंबणं. हिशोबाने ३.१५ टक्के. सायफन लावून साखरेचं पाणी घातलेल्या बादलीत उतरवली, बाटल्या भरायला बसले. अठ्ठेचाळीस झाल्या. तळाशी उरलेली घोटभर चाखली. अजून गॅस नाही, कोमट, तरी भाजक्या पावाची आणि थोडी मनुकांची चव नीट लागते.

आईचा फोन आला तेव्हा हात चिकट होते. नवऱ्याने उचलला आणि कॅमेरा माझ्याकडे केला. मागे बाटल्यांची रांग.

"हे काय गं?"

मी म्हटलं, "बिअर आहे, आई. मी घरी करते. सहा वर्षं झाली."

ती काही बोलली नाही. तिच्या मागे पंखा फिरत होता तेवढंच दिसत होतं.

"पितेस?"

"शनिवारी एक ग्लास."

"आणि हा?"

"तोही."

"मामंजी असते तर तुझ्या हातचं पाणी घेतलं नसतं त्यांनी."

"माहीत आहे मला."

पुन्हा गप्प. मग फोन डोळ्यांजवळ नेत म्हणाली, "कशाची करतात?"

मी सांगायला लागले. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. मग भरडून ऊन पाण्यात तासभर. ती ऐकत होती. अंबोळीचं पीठ पावसात किती तास ठेवायचं आणि उन्हाळ्यात किती हे जिला भांड्याला हात लावून कळतं, तिला आंबवण समजावून सांगताना माझीच जीभ अडखळत होती. पहिल्या दिवशी फेस येतो म्हटल्यावर तिनेच विचारलं, "आणि ओतू जात नाही?" मी म्हटलं, एकदा गेलं होतं. "मोठं भांडं घ्यावं मग," ती म्हणाली.

"आणि तो जव? टाकून देता?"

"शेजारच्या कोंबड्यांना. थोडा काकू पावात घालतात."

"तुझ्याकडे आहे का आत्ता?"

फ्रीझरमधला डबा काढून दाखवला. काकूंना त्यांचा वाटा गेल्या आठवड्यातच दिला होता, यात वाटीभर उरला होता. आई चष्मा नीट करून बराच वेळ बघत राहिली.

"तूस फार दिसतोय. चांगला वाळव, मग बारीक दळून दोनदा चाळ. पाव वाटी पीठ निघेल. एक वाटी भाजणीला एवढं घातलंस तर थालीपीठ मोडणार नाही. कांदा जास्त घाल." मग थांबून, "चव कडवट लागली तर सांग मला. आणि परत पाणी तापवलं म्हणून सांगू नकोस."

ओव्हन सर्वात कमी आचेवर लावलाय. ताटात पातळ पसरलाय चोथा. घरभर वास सुटलाय, दर अर्ध्या तासाने उलथवतेय.