आडात होतं, पोहऱ्यात येईना

जून २००९. दहावीचा निकाल दुसऱ्या दिवशी लागणार होता. उदगीरच्या माझ्या दुकानात संध्याकाळी सहाच्या सुमारास नेटकॅफेवाले काका आले. भाजीच्या पिशवीत दोन मोडेम. एकाच्या जाळीत कोथिंबिरीचं पान अडकलेलं.

"भैया, ह्याच्यात सॉफ्टवेअर मारून दे. भाच्यानं पुण्याला मारलंय, चोवीसची स्पीड यायलीय म्हणं."

हसण्यावारी न्यावं असं ते नव्हतं. १९९८ साली औरंगाबादला शिकत असताना मी स्वतः एका मोडेमला असंच 'मारलं' होतं. तेव्हा फोन लावून नेटला जोडणाऱ्या ५६ के वेगाच्या मोडेमचे दोन पंथ होते, एक्स२ आणि के५६फ्लेक्स, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नसे. मग व्ही.९० हे सामाईक मानक आलं. ज्यांच्या मोडेममध्ये फ्लॅश मेमरी होती त्यांचं एक फाईल चढवून भागलं, बाकीच्यांनी नवीन घेतले. माझा पहिल्या जातीतला निघाला, म्हणून हॉस्टेलवर चार दिवस भाव खाल्ला होता.

पण ब्रॉडबँडचं गणित वेगळं. साधं एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून येणारं ब्रॉडबँड, त्या तांब्याच्या तारेवर सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंतच जातं, डाऊनलोड ८ एमबीपीएसच्या आसपास संपतं. २००३ मध्ये आलेलं एडीएसएल२+ ही हद्द दुप्पट करून २.२ मेगाहर्ट्झपर्यंत नेतं, म्हणून कागदावर २४. आता मोडेममधला सिग्नल वाचणारा भागच १.१ पर्यंतचा असेल, तर वरचं त्याला ऐकूच येत नाही. फाईल कुठलीही चढवा.

दोन्ही मोडेम पांढरे, एकाच मापाचे, दोन्हींवर नुसतं 'एडीएसएल' छापलेलं. खालचे रबरी पाय उपसून स्क्रू काढले. पहिल्यात पहिल्या पिढीची चिप. काकांना समजावून सांगितलं तर तेच म्हणाले, "म्हंजे आडातच नाही."

दुसऱ्यात मात्र टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एआर७ घराण्यातली चिप निघाली. तिला एडीएसएल२+ येतं. कारखान्यातून आलेल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मोडेमच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, ते चालू केलेलं नव्हतं एवढंच. ह्याच मॉडेलची, ह्याच बोर्डाची नवी फाईल माझ्याकडच्या सीडीत होती. चढवायला लावली. साठ टक्क्यांवर आली आणि लाईट गेली.

आमच्याकडं लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. कॉम्प्युटर यूपीएसवर होता, तो चालूच राहिला. मोडेमचा अ‍ॅडाप्टर मात्र मी भिंतीतल्या साध्या बोर्डात खोचला होता. दुकानाच्या पाटीवर 'यूपीएस दुरुस्त करून मिळेल' असं मीच रंगवून घेतलंय.

पाऊण तासानं लाईट आली. मोडेमचा पॉवरचा दिवा लागला, बाकी सगळे मेलेले. काका काही बोलले नाहीत, नुसते स्टूल ओढून बसले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

एक आशा होती. ह्या चिपच्या मोडेममध्ये अ‍ॅडम२ नावाचा बूटलोडर, म्हणजे मोडेमला जागं करणारा छोटा प्रोग्राम, वेगळ्या कप्प्यात असतो. फाईल अर्धवट राहिली तरी तो शाबूत राहतो, आणि मोडेम चालू करताक्षणी काही सेकंद एफटीपीवर, म्हणजे फाईल घ्यायच्या वाटेवर, कान देऊन बसतो. तेवढ्यात त्याला गाठायचं. मी कॉम्प्युटरला हातानं आयपी दिला, कमांड लिहून ठेवली, एंटरवर बोट ठेवलं आणि काकांना बटणापाशी उभं केलं. ह्या खेपेला बटण यूपीएसच्या बोर्डाचं.

"दाबा!"

काका दाबायचे, मी एंटर मारायचो, वेळ हुकायची. कधी मी आधी, कधी ते उशिरा. पाचव्या की सहाव्या खेपेला पलीकडून उत्तर आलं. त्यानंतर फाईल पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघंही पंख्याकडं बघत होतो. पंखा थांबला तर कळणार होतं ना.

नऊ वाजता मोडेम घेऊन कॅफेवर गेलो. लाईन जोडली, मोडेमचं पान उघडलं. मोड: एडीएसएल२+. काका खूश. खालच्या ओळीत स्पीड: २०४८.

"चोवीस कुठाय?"

एक्स्चेंजमध्ये त्यांच्या लाईनचं प्रोफाईल २ एमबीपीएसवर, म्हणजे ह्याच २०४८ वर, बांधलेलं होतं, कारण प्लॅनच तेवढ्याचा होता. एवढा खटाटोप करून गाडीला मोठं इंजिन बसवलं आणि फाटक बंद. हे मला दुकानात, पहिला स्क्रू काढायच्या आधी विचारायला हवं होतं.

मी पान बंद करणार तेवढ्यात डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागला. नॉईज मार्जिन, म्हणजे गोंगाटातही लाईन टिकेल एवढी शिल्लक, २७ डेसिबलवरून ५ वर आलेलं, मग लाईन तुटली. मिनिटभरानं परत जुळली, पुन्हा २७.

"हे असंच करतंय बगा. संध्याकाळी तर लईच. म्हणून तर म्हटलं सॉफ्टवेअर मार."

वर काकांचं घर. मी विचारलं, आत्ता वर कुणी फोन उचलला का? काकू माहेरी बोलत होत्या.

वायर हातात धरून मागं गेलो. भिंतीवरच्या रोझेटमधून, म्हणजे फोनच्या डबीतून, वरच्या फोनला सरळ फाटा काढलेला, स्प्लिटरच्या, म्हणजे फोन आणि नेट वेगळे करणाऱ्या डबीच्या, अलीकडून. फोन उचलला की त्याचा सगळा त्रास मोडेमच्या लाईनीत. जोडावर हिरवं बुरशीसारखं चढलं होतं ते वेगळंच. ब्लेडनं तार सोलली, फाटा स्प्लिटरच्या फोनच्या बाजूला नेला, टेप मारली. दहा मिनिटांचं काम. काकूंना पुन्हा फोन उचलायला लावला, मार्जिन जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. मागं पोरांचा नुसता गलका. "भैया, नेट चालायलंय, पण निकालाची साईटच उघडंना."

मी विचारलं, कुठून बोलताय?

"वरून. घरातून."

"अन् खाली दिवा?"

काकांनी जिन्यातून खाली कुणाला तरी ओरडून विचारलं. उत्तर मलाच ऐकू आलं, "जळायलाय की, हिरवा!"