काटा, कुसळ, धार : या हंगामात कुठवर आलो

पावसाळा सरल्यापासून फक्त टोकदार आणि धारदार गोष्टींचेच फोटो काढायचे ठरवलंय. निम्मे बालाघाटाच्या माळावरचे, निम्मे घरातले. आतापर्यंत एक गोष्ट पक्की कळली: टोक नीट दिसायचं असेल तर लेन्सच्या आधी उजेडाचा विचार करा.

बाभळीपासून सुरुवात केली, ते बरं झालं. कोवळ्या बाभळीचे काटे पांढरे, सरळ, जोडीजोडीनं येतात आणि दोन-तीन इंच सहज भरतात. झाड जुनं झालं की काटे कमी होतात, म्हणून बांधावरचं मोठं झाड सोडा आणि ओढ्याकाठची कंबरेएवढी रोपं धुंडाळा. पांढरा काटा उजळ आभाळावर घेतला तर त्याचं टोक आभाळातच विरतं. मी मागं काळी घोंगडी टांगतो आणि सूर्य काट्याच्या मागून, जरा तिरका येईल असा बसतो. मग काट्याच्या कडेला उजेडाची बारीक रेघ उमटते आणि टोक जिथं संपतं तिथंच संपलेलं दिसतं.

फोकसची अडचण सगळ्यांनाच येते. १:१ ला, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच सेन्सरवर उमटते तेव्हा, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) ठेवूनही माझ्या क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरवर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जागा स्पष्ट येते. शिवाय इतक्या जवळून एफ/८ म्हणजे प्रत्यक्षात एफ/१६ चंच काम होतं. त्याहून छिद्र बारीक केलं तर विवर्तनानं, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्यानं, टोकच मऊ पडतं. म्हणून आता एफ/५.६ वर ठेवून फोकसिंग रेलवर (कॅमेरा पुढं-मागं सरकवायची पट्टी) तसूतसूनं पुढं सरकत फ्रेम घेतो आणि घरी स्टॅक करतो, म्हणजे प्रत्येक फ्रेममधला स्पष्ट भाग जोडून एकच फोटो करतो. हे सगळं सकाळी उरकायचं. दिवस वर आला की माळावर वारा सुटतो आणि स्टॅकचा विषय संपतो.

बोरीला स्टॅक न करताही भागतं. तिच्या पेरावर दोन काटे असतात, एक सरळ आणि एक मागं वळलेला आकडा. फांदी फिरवून दोन्ही सेन्सरला समांतर आणले की एका फ्रेममध्ये दोन्ही टोकं मिळतात. बोरी-बाभळीत फिरताना खाटीक पक्ष्यावरही नजर ठेवा. तो टोळ किंवा सरडा पकडून काट्यात खोचून ठेवतो. तसं खोचलेलं भक्ष्य मला अजून मिळालं नाही, पण ज्या बोरीवर तो रोज बसतो ती हेरून ठेवली आहे.

कुसळानं मात्र सगळ्यात जास्त आनंद दिला. मेंढ्यांच्या लोकरीत आणि आपल्या पायमोज्यांत घुसतं ते कुसळी गवताचं बी. त्याचं टोक सुईसारखं, आणि टोकाच्या वर मागं वळलेले राठ केस, म्हणून आत गेलेलं कुसळ सहजी बाहेर निघत नाही. शेपटाकडं दोरीसारखा पीळ असतो. त्या पिळावर पाण्याचा एक थेंब सोडला की तो उलगडायला लागतो आणि वाळला की पुन्हा आवळतो. पावसाच्या आणि उन्हाच्या या फेऱ्यांत बी स्वतःला मातीत रोवून घेतं. टाचणीनं थर्मोकोलवर कुसळ बसवलं, ड्रॉपरनं थेंब सोडला आणि कॅमेरा इंटरव्हलवर, म्हणजे ठरावीक वेळानं आपोआप फ्रेम घेईल असा, लावला. शेपूट गोल फिरताना फ्रेममागून फ्रेममध्ये दिसतं. ही मालिका घरच्या टेबलावर कुणालाही जमेल, आणि प्रत्येकानं करावीच.

आता धार. इथं माझी नजरच बदलली, आणि ती बदलली गावातल्या लोहारमामांमुळं. ऊसतोडीच्या आधी त्यांच्याकडं कोयत्यांची रांग लागते. भात्याजवळचा एक कोयता उचलून विचारलं, "मामा, धार नीट आली हे कसं ओळखता?" त्यांनी कोयता उन्हाकडं धरला. "ही बघा, इथं चमकतंय का? चमकलं की तिथं बसलीय समजा. चांगल्या धारीवर ऊन ठरतच नाही."

अगदी खरं आहे. पात्याची कड बोथटली की तिथं एक चिमुकला सपाट भाग तयार होतो आणि तो उजेड परत फेकतो. पाजवलेल्या कडेवर उजेड परतायला जागाच नसते. म्हणजे फोटोत धार दाखवायची तर पात्याचे दोन्ही उतार उजळायचे आणि मधली कड काळ्या रेघेसारखी सोडायची. मी कोयता शिकंज्यात आडवा बसवला, दोन्ही बाजूंना बटर पेपरमागं एकेक एलईडी ठेवला आणि लेन्स कडेच्या बरोबर समोर आणली. उतारांवर कानशीचे ओरखडे शेतातल्या तासांसारखे दिसतात, आणि मधोमध ती काळी रेघ. चार दिवस ऊस तोडून आलेला कोयता त्याच मांडणीत ठेवला तर त्याच रेघेवर चांदण्या उमटल्या. हे दोन फोटो शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कळायचं नाही. खुरपं आणि विळीलाही हीच मांडणी चालते. विळीच्या टोकाच्या किसणीला मात्र उजेड एकाच बाजूनं द्या, नाहीतर दाते सपाट दिसतात.

सुई आणि दाभण झालेत. त्यांत सांगण्यासारखं विशेष नाही.

पुढचं काम करडईचं. तिच्या बोंडाभोवतीच्या पानांचे काटे वाळले की इतके राठ होतात की काढणी पहाटे, दव असतानाच करतात, तेव्हा ते जरा नरम असतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं नारी-६ हे बिनकाट्याचं वाण आहे, पण मला काट्याचंच हवं. दवातला काटा आणि दुपारचा काटा, बोंड तेच, चौकट तीच, असे दोन स्टॅक घ्यायचे आहेत. आमच्याकडं फुलं आता पिवळ्याची केशरी होऊ लागली आहेत. ज्यांच्या शिवारात काट्याची करडई आहे त्यांनी काढणीच्या आधी एक ओळ बांधाकडेला राखून ठेवावी आणि मला कळवावं. ट्रायपॉड घेऊन पहाटे पाचला हजर राहीन.