इंदूरच्या काळ्या मातीत पीच

इंदूरमध्ये अंगणात पीच, म्हणजे आपला आडू, लावायचा म्हटलं की सगळे आधी उन्हाचीच काळजी करतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, मग थंड प्रदेशातलं हे झाड तगणार कसं? मी झाड लावलं, वाढवलं, त्याची फळं खाल्ली, त्यावरून सांगते: पाणी वेळेवर मिळालं तर ऊन ते सोसतं. त्याला खरा त्रास होतो तो पावसाळ्यात मुळाशी साचलेल्या पाण्याचा आणि हिवाळ्यात विश्रांती न मिळाल्याचा.

लोकमान्यनगरातल्या आमच्या घरामागची माती अस्सल माळव्याची, काळी आणि चिकण. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि जुलैत झड लागली की पाणी हलायचं नाव घेत नाही. पीचच्या मुळांना हवा लागते. पाण्यात राहिली की ती कुजतात आणि वरचं झाड बघता बघता मलूल होतं. म्हणून मी खड्ड्यात न लावता जमिनीपेक्षा दीड फूट उंच, रुंद ओटा केला. काळ्या मातीत मुरूम, जाड वाळू आणि भरपूर कंपोस्ट मिसळलं, आणि पाणी निघून जायला बाजूने चर काढला. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवला. त्याखालून खुंटाचे, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलेलं असतं त्याचे, फुटवे येतात, ते दिसताक्षणी काढायचे.

कंपोस्ट घरचंच. पालापाचोळा, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर, आणि मधून मधून ढीग खालीवर करणं. ही पद्धत इथलीच आहे. 1924 मध्ये इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, तिथे सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसवली आणि ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. तीन-एक महिन्यांत खत तयार होतं. आपल्या शहराची ही देणगी इंदूरच्या प्रत्येक बागेत दिसावी, असं मला फार वाटतं.

जातीबद्दल मात्र तडजोड नको. डोंगराळ भागातल्या पुष्कळ जातींना 7 अंशांखालची थंडी आठशे-हजार तास लागते. आपल्याकडे जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी 10 अंशांच्या आसपास. तेवढी थंडी आणायची कुठून? शान-ए-पंजाब, फ्लोरडासन यांसारख्या जातींचं बऱ्याच कमी थंडीत भागतं. मी शान-ए-पंजाबचं कलम लावलं.

तरीही सुरुवातीला बहर विस्कळीत यायचा. एका फांदीवर फुलं, दुसरीवर जुनी पानं तशीच. काटोलचे मामा आले होते, त्यांची संत्र्याची बाग आहे. झाडाभोवती एक फेरी मारून म्हणाले, “अगं, डिसेंबरातही पानं हिरवीगार आहेत याची. आम्ही संत्र्याला ताण देतो, तू याला कधी पाणी तोडलंस का?”

“मामा, वाळलं तर?”

“एकदम नाही गं तोडायचं. हळूहळू कमी कर. पानं गळू देत, मग बघ.”

तेव्हापासून ऑक्टोबरच्या अखेरीपासून पाणी कमी करत जाते. डिसेंबरात पानं पिवळी होऊन गळतात, उरलेली हातानं खुडते. मग जानेवारीच्या सुरुवातीला छाटणी. पीचची फळं गेल्या वर्षीच्या कोवळ्या काड्यांवर येतात, त्यामुळे दरवर्षी नव्या काड्या फुटायलाच हव्यात. मधला भाग मोकळा ठेवायचा, म्हणजे ऊन आत पोचतं. छाटल्यावर पाणी पुन्हा सुरू. यामुळे बहर एकसारखा येऊ लागला.

मोठ्या कापांतून बुरशी शिरू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावते: 100 ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), 100 ग्रॅम चुना, 1 लीटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी सुरी बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. कोवळ्या पानांवर तांब्याचं औषध मारू नये, पीचची पानं त्यानं करपतात.

फेब्रुवारीत नवी पानं गुंडाळू लागली. नर्सरीत बुरशीचं औषध हातात ठेवलं होतं, पण मी एक पान उलगडून भिंगातून पाहिलं. आत हिरवट मावा दाटीनं बसलेला, पान चिकट आणि मुंग्यांची रांग. पानं फुगून लालसर, जाड होण्याचा बुरशीचा रोग वेगळा. तो थंड आणि ओलसर वसंतात बळावतो, आपला फेब्रुवारी कोरडा असतो. पान एकदा घट्ट गुंडाळलं की फवारा माव्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आता कळ्या फुगताना आणि पुन्हा फुलं गळून गेल्यावर कडुनिंबाचं तेल, लीटरला 5 मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात घालून संध्याकाळी मारते. भर फुलोऱ्यात काहीच मारत नाही, मधमाश्या येतात.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. आपल्या काळ्या मातीत चुनखडी जास्त, लोह असूनही मुळांना मिळत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीच्या मातीतही मुळांना घेता येईल असं लोह, मातीतून दिलं, की नवी पालवी हिरवी येते.

विरळणी करताना जीव तुटतो, पण ती करावीच. फळं बोराएवढी झाली की दोन फळांत 10 ते 15 सेंमी अंतर ठेवून बाकीची काढायची. न काढल्यास सगळीच बारीक राहतात आणि फांद्या मोडतात.

शेवटची लढाई फळमाशीशी. मादी सालीखाली अंडी घालते, अळी आतला गर खाते आणि मातीत उतरून कोष करते. मिथाईल युजेनॉल या वासाच्या आमिषाच्या सापळ्यात फक्त नर सापडतात, त्यामुळे नुसत्या सापळ्यावर विसंबून चालत नाही. गळलेलं प्रत्येक फळ उचलून पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवते आणि राखलेल्या फळांना जुन्या मलमलच्या पिशव्या बांधते. एप्रिलच्या अखेरीस पिशवी सोडली की देठाजवळचा हिरवा रंग पिवळसर झालेला असतो आणि वास येतो; तेव्हाच फळ तोडायचं.

शेजारच्या वहिनी बी मागतात. त्यांना मी कलमच घ्यायला सांगते. बियांपासून आलेल्या झाडाला आईसारखी फळं येतीलच असं नसतं, आणि कमी थंडीत बहरण्याचा गुणही त्यात उतरेल याचा भरवसा नाही.