वहीतला तिसरा रकाना

आठवीत बाईंनी आम्हाला एक दोनशे पानी वही करायला लावली होती, शब्दांची वही. तीन रकाने आखायचे. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात शब्दकोशातला अर्थ आणि तिसऱ्यात "कोण कुणाला म्हणतंय". पहिले दोन सगळेच पटापट भरायचे, तिसऱ्याला मात्र अडायचो कारण त्यासाठी पुस्तक खरोखर वाचावं लागायचं. ती वही अजून माझ्याकडे आहे. कव्हर गेलंय, पण शाई टिकलीय, आणि शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असा फोन आला तेव्हा आधी तीच काढून बसले.

माझी मातृभाषा तेलुगू. सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागात घरोघरी तीच. नायना, म्हणजे वडील, टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मी तिच्या शेजारी बसून अभ्यास करायचे. घरी तेलुगू, गल्लीत कानडी न् उर्दू, शाळेत मराठी. मराठी समजायची सगळी, पण तोंड उघडलं की पुस्तक "तो" व्हायचा आणि वही "ते" व्हायचं, मग मागच्या बाकांवर हसायचे. म्हणून पाचवी ते सातवी मी जवळजवळ गप्पच काढली.

बाईंच्या ते लक्षात आलं असणार. आपली लायब्ररी म्हणजे तेव्हा स्टाफरूममधलं एक लोखंडी कपाट, शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई ते उघडायच्या. मला वाटलं सोप्या गोष्टींचं पुस्तक देतील, तर त्यांनी हातात ठेवलं 'उचल्या'. लक्ष्मण गायकवाडांचं, 1987 साली आलेलं आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालेलं.

आता उचल हा शब्द मला चांगला माहीत होता. आमच्याकडे लहान पोरालासुद्धा माहीत. दिवाळी आली, लग्न निघालं, कुणी आजारी पडलं की मालकाकडून उचल घ्यायची आणि मग ती दर आठवड्याच्या पगारातून कापून जायची, नायनांची तर एक फिटायच्या आत दुसरी असायची. म्हणून मी वहीत लिहिलं, उचल्या म्हणजे उचल घेणारा, आमच्या नायनांसारखा. बाईंनी ते खोडलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढं वाच गं, आणि मग तिसरा रकाना भर."

वाचलं. दुसऱ्याची वस्तू उचलणारे म्हणून एका आख्ख्या जमातीला पडलेलं ते नाव. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, जमात एकदा त्या यादीत गेली की पोर जन्मालाच गुन्हेगार म्हणून यायचं, त्यानं काही केलेलं असो नसो. नोंद झालेल्या माणसानं ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेरगावी जायचं तर परवानगी काढायची. हजेरी! हा शब्द तर मी रोज ऐकत होते. बाई नाव घ्यायच्या आणि आम्ही "हजर" म्हणायचो. नायनांची हजेरी कारखान्यात लागायची, बुडली की त्या दिवसाचे पैसे गेले. आणि ही तिसरी हजेरी, जिच्यात माणसानं आपण काल रात्री दुसरीकडे कुठं नव्हतो हे जन्मभर दाखवत राहायचं. शब्दकोशात हजेरीला एक ओळ होती, माझ्या वहीत दोन पानं झाली.

आणि सेटलमेंट. सोलापूरकरांना काय सांगायचं, आपण रिक्षावाल्याला सहज म्हणतो, सेटलमेंटला सोडा. मला वाटायचं एखाद्या कॉलनीचं इंग्रजी नाव असेल. ह्याच कायद्याखाली माणसांना कुटुंबासकट तारेच्या कुंपणात ठेवायची ती जागा होती, हे मला त्या पुस्तकाच्या निमित्तानं बाईंकडून कळलं. पंधरा ऑगस्टला आपण ग्राउंडवर झेंडावंदन करायचो, पण देशभरातून तो कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, म्हणून ते लोक विमुक्त. विमुक्त शब्दाच्या तिसऱ्या रकान्यात मी ती तारीख लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या, त्या रेघांचे ठसे मागच्या पानावर उमटलेत इतकं जोर लावून मारल्यात.

नंतर 'बलुतं', दया पवारांचं, 1978 चं. इतिहासाच्या पुस्तकात बारा बलुतेदारांचं गाव कसं गुण्यागोविंदानं नांदायचं ते आम्ही पाठ केलेलं. ह्या पुस्तकात ते बलुतं कसं मागावं लागायचं, येसकराची, म्हणजे गावच्या राखणीची, पाळी आली की दारोदार भाकरीसाठी कसं उभं राहायचं, ते होतं. आणि वतन! इतिहासात वतन म्हणजे मानाची गोष्ट, त्यासाठी लोक लढायचे. माझ्या बाकावरची मैत्रीण उर्दू बोलणारी, ती म्हणाली आमच्याकडे वतन म्हणजे देश. आणि महारवतन म्हणजे रात्री-अपरात्री सरकारी कामासाठी हाक आली की उठून जायचं, बापानंही आणि पोरानंही, बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुतं. बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबईच्या कायदेमंडळात त्यावर बिल मांडलं होतं, पण वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. आम्ही दोघींनी मधल्या सुट्टीत डबा न खाता तो तिसरा रकाना भरला. वतन कोण म्हणतं त्यावर त्याचा अर्थ ठरतो, असं तिनं माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. तेरा-चौदा वर्षांची पोरगी होती ती.

नववीत ॲन फ्रँकची डायरी मिळाली, मराठीतली. आमच्याच वयाची मुलगी, 12 जून 1942 ला तेरावा वाढदिवस, त्या दिवशी डायरी मिळाली आणि महिन्याच्या आत घर सोडून लपायची वेळ आली. अज्ञातवास हा शब्द मला महाभारतातून माहीत, पांडवांचा एक वर्षाचा. हिचा दोन वर्षांहून जास्त, ॲमस्टरडॅममध्ये वडिलांच्या ऑफिसच्याच मागच्या भागात आठ माणसं, 6 जुलै 1942 पासून 4 ऑगस्ट 1944 ला पकडले जाईपर्यंत. 1945 मध्ये बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत तिचा मृत्यू झाला, आठातले फक्त वडील वाचले. 1947 ला पुस्तक निघालं, त्याच्या मूळ डच नावाचा अर्थ नुसता 'मागचं घर' असा आहे. आम्हीसुद्धा वाड्यात मागच्या घरातच राहायचो.

पण मला सगळ्यात जवळचं वाटलं ते वेगळंच. ॲन जर्मनीत जन्मलेली, घरची भाषा जर्मन, आणि लहानपणी हॉलंडला आल्यामुळे शाळा डच. डायरी तिनं डचमध्ये लिहिली. म्हणजे तीही शाळेच्याच भाषेत लिहीत होती! हे कळलं त्या आठवड्यात मी वर्गात पहिल्यांदा स्वतःहून हात वर केला आणि अज्ञातवासावर उभं राहून बोलले, चुका झाल्या असतील, कुणी हसलंही असेल, मला आठवत नाही. बाईंनी मध्ये थांबवलं नाही एवढं आठवतं.

आज मी कामगार न्यायालयात स्टेनो आहे, दिवसभर कोण कुणाला काय म्हणालं तेच टाइप करते. उचल, हजेरी, हे शब्द रोज येतात.

प्रदर्शनात मांडायला वही मागितलीय, देतेय. एक पान मात्र सांगून ठेवते, नाहीतर बघणाऱ्याला कळणार नाही. डायरी वाचायचे तेव्हा रात्री अम्माला ती तेलुगूत सांगायचे, तिचे हात चालू, माझं सांगणं चालू. दिवसा खाली कामगार असायचे म्हणून वरच्यांनी चालायचं हळू, बोलायचं हळू, नळसुद्धा सोडायचा नाही, असं सांगत होते. अम्माचा हात सुपातच थांबला. तंबाखूच्या धुळीनं तिला बारा महिने खोकला. तिनं जे विचारलं ते अज्ञातवासच्या तिसऱ्या रकान्यात मी तिच्याच भाषेत, देवनागरीत लिहून ठेवलंय, "दग्गु वस्ते एट्ला?" खोकला आला तर कसं?