पुस्तकांचे टेबल, दुसरा हंगाम : फेब्रुवारीअखेरची नोंद

गणपतीपुळ्याच्या पुळणीवर गर्दी आहे, तेव्हा पुस्तकेही खपतील, असे मी गेल्या वर्षीच्या नोंदीत मोठ्या विश्वासाने लिहिले होते. तो समज सपशेल चुकीचा निघाला, आणि यंदाची नोंद मुख्यतः ती चूक दुरुस्त करण्यासाठी आहे.

मागची नोंद ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी निवृत्त शिक्षक असून माझा कथासंग्रह मी स्वतःच्या खर्चाने काढला आहे. डेमी आकार, 160 पाने म्हणजे सोळा पानांचे 10 फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेले ताव), 500 प्रती आणि छपाईचा खर्च 42,000 रुपये, असा तो हिशेब. म्हणजे प्रत मला 84 रुपयांना पडली. किंमत 200 रुपये ठेवली. वितरकाने 45 टक्के मागितले. ते दिल्यावर हाती येतात 110 रुपये, त्यातून छपाई वजा केली की उरतात 26, आणि न खपलेल्या प्रती परत आणण्याचे भाडे पुन्हा आपल्याच माथी. म्हणून घडीचे टेबल घेऊन उघड्यावर बसण्याचा मार्ग मी पत्करला.

यंदा नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शनिवार-रविवार धरून 14 दिवस पुळणीच्या तोंडाशी बसलो आणि 23 प्रती विकल्या. लोक थांबत, मुखपृष्ठ बघत, "तुम्हीच लिहिलंत का?" असे विचारत आणि पुढे जात. मी माझ्या कथांना, मुखपृष्ठाला, एवढेच काय, माझ्या चेहऱ्यालाही दोष देऊन पाहिला. खरे कारण शेजारच्या शहाळेवाल्याने सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, लोकांचे हात बघा की. ओले हातात शहाळा धरतील, पुस्तक कोण धरील?" त्यानंतर दोन दिवस मी केवळ हातच पाहत बसलो. समुद्रातून येणाऱ्यांचे हात ओले असतात, बोटांना वाळू चिकटलेली असते, पाकीट गाडीत ठेवलेले असते आणि एका काखेत मूल असते. पुस्तक चाळावेसे वाटले तरी ते मळेल या भिडेने सभ्य माणूस त्याला हातच लावत नाही, आणि ज्याने पुस्तक हातात घेतले नाही त्याने ते विकत घेतल्याचे निदान माझ्या पाहण्यात तरी आलेले नाही.

डिसेंबरच्या मध्यानंतर मी टेबल उचलले आणि नारळीच्या ज्या वाडीत गाड्या लावतात तिथे, बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या आंब्याखाली मांडले. जागामालकाला दिवसाचे 50 रुपये देतो. इथे येणारा माणूस नळावर पाय धुऊन, हात पुसून आलेला असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला थांबावे लागते. कोणीतरी प्रसादाच्या रांगेत असते, कोणाची चप्पल हरवलेली असते, चालक चहाला गेलेला असतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत माणूस निमूटपणे एक कथा अर्धी वाचतो, आणि ती अर्धी राहिली की पुस्तक गाडीत जाते. या जागी 22 दिवसांत 97 प्रती गेल्या.

आता वाऱ्याविषयी, कारण किनाऱ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला तो छळणारच. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो आणि दुपार होता होता खारा वारा समुद्राकडून सुटतो. म्हणून मी अकराच्या सुमारास सगळ्या प्रती फिरवून त्यांची पाठ (बांधणीची बाजू) पश्चिमेला करतो, म्हणजे वारा पानांत शिरत नाही. वजनासाठी आधी समुद्रावरचे गोटे वापरले, तर मुखपृष्ठांवर ओरखडे आले. मग जुन्या जीन्सच्या पायांत किनाऱ्यावरची वाळू भरून लोडासारख्या पिशव्या शिवल्या. पण त्या वाळूतले मीठ हवेतली ओल ओढते, आणि सात प्रतींवर दमट पट्टे उमटल्यावर मला ते उमगले. आता त्याच पिशव्यांत गोड्या पाण्यात तीनदा धुऊन कडक वाळवलेली वाळू आहे.

मुखपृष्ठ वर वळण्याचा त्रास मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. मुखपृष्ठाला लॅमिनेशन फक्त बाहेरून असते. आतला कागद दमट हवेत ओल शोषून फुगतो, बाहेरचा पातळ पापुद्रा फुगत नाही, त्यामुळे पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वळतो आणि दुपारपर्यंत ढिगातली वरची प्रत जबडा उघडल्यासारखी दिसते. कागदाचे तंतू पाठीला समांतर ठेवून छपाई करून घेतली तर हे बरेच कमी होते, हे मला छपाईनंतर कळले. म्हणून सध्या टेबलावर एका वेळी आठच प्रती ठेवतो आणि बाकीच्या पत्र्याच्या पेटीत वेखंडाच्या तुकड्यांसह बंद असतात.

एक रविवार मालगुंडला केशवसुत स्मारकाजवळही बसून पाहिले. तो दिवस वरच्या हिशेबात धरलेला नाही, कारण त्या दिवशी एकच प्रत गेली आणि तीही ओळखीच्या माणसाने नेली. पण मला वाईट वाटले नाही. 1866 साली जन्मलेल्या आणि 1905 साली गेलेल्या त्या कवीचा एकही संग्रह त्याच्या हयातीत निघाला नाही, आणि मी मात्र माझ्या 500 प्रतींचे वजन पाठीवर घेऊन त्याच्या गावात गिऱ्हाइकाची वाट पाहत होतो. त्या दुपारी मी फारशी हाकाटी केली नाही.

साठ्याचा हिशेब असा : पहिल्या हंगामात 96, यंदा 120 आणि मालगुंडची 1, भेट दिलेल्या 31, आणि ज्यांत एक फॉर्म दोनदा बांधला गेला होता अशा 12 सदोष प्रती वजा जाता 240 शिल्लक आहेत. छापखान्याने सदोष प्रती बदलून दिल्या नाहीत. प्रत्येक प्रत उलगडून न पाहता मीच पोच लिहून दिली होती, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

शिमग्यात पालखी घरी येईपर्यंत टेबल बंद राहील. त्यानंतर मे महिन्याच्या सुट्टीत त्याच आंब्याखाली बसायचे आहे, फक्त तेव्हा वरून कैऱ्या पडतात, म्हणून ताडपत्री बांधण्यासाठी चार बांबू आजच सांगून ठेवले आहेत.